मोराबाईंची बिनमाशाची बिअर

ऋचा आणि निखिल, तुमचे बाबा फोनवर म्हणाले की आजीने यंदा ग्लासगोहून बिअर आणली, अशी बातमी जमशेदपूरला पोचली आहे आणि तुम्ही दोघं ती शाळेत सांगत फिरता आहात. बातमी चुकीची आहे. मी ग्लासगोहून बिअर आणली नाही, ग्लासगोला नेली. तीही आयर्लंडच्या किनाऱ्यावरून, बोटीने, पावसात. आणि नेताना मला एवढी काळजी लागली होती की तेवढी तुमच्या बाबांच्या मॅट्रिकच्या निकालालाही लागली नव्हती. तेव्हा अर्धवट ऐकण्यापेक्षा सगळं क्रमाने वाचा.

बिअरचा थेंबही मी आयुष्यात घेतलेला नाही, हे आधी लिहून ठेवते. पुढेही घेण्याचा विचार नाही.

दिवाळी, पण डिसेंबरात

१९९१च्या नोव्हेंबरात मी तुमच्या शुभाआत्याकडे ग्लासगोला पोचले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. निदान मला तसं वाटत होतं. शुभा म्हणाली, "आई, इथल्या मराठी मंडळाची दिवाळी अजून व्हायचीये. डिसेंबरातल्या शनिवारी."

तिथे सगळं असंच आहे. खऱ्या दिवाळीला निम्मे डॉक्टर ड्यूटीवर, मुलांच्या शाळा चालू आणि हॉल मिळत नाही. म्हणून हॉस्पिटलच्या स्टाफ क्लबचा हॉल ज्या शनिवारी रिकामा, त्या शनिवारी दिवाळी. एका कोपऱ्यात नाताळचं झाड आणि त्याच्या शेजारी आकाशकंदील. पहिल्यांदा मला ते चमत्कारिक वाटलं, मग विचार केला की कंदिलाला तर काही अडचण दिसत नाही, मग मला कशाला?

फराळ सगळ्या बायका वाटून करतात. आणि चकली-चिवड्याबरोबर बिअर असते. बाटल्या नाहीत, केग. केग म्हणजे स्टीलचं पिंप, आपल्या केरोसीनच्या पिंपापेक्षा बुटकं आणि फार जड. दरवर्षी तुमचे आतोबा, म्हणजे विनायकराव, मंडळाचे सेक्रेटरी या नात्याने एका मोठ्या कंपनीचा केग मागवत. यंदा शुभाने सांगितलं, "या वर्षी केग मोराकडून."

मोराबाई म्हणजे शुभाची पहिली घरमालकीण. शुभा नवी डॉक्टर होऊन तिकडे गेली, तेव्हा तिला पहिली नोकरी उत्तर आयर्लंडमधल्या एका छोट्या गावच्या हॉस्पिटलात लागली होती. राहायला मोराबाईंच्या घरची वरची खोली. तिथे शुभाला कावीळ झाली, तेव्हा या बाईंनी तिला महिनाभर उकडलेले बटाटे आणि बार्लीचं पाणी देऊन सांभाळलं. मला तेव्हा हे कळवलंही नव्हतं. मी काळजी करीन म्हणून. ते कळलं त्या दिवसापासून मी त्या न पाहिलेल्या बाईंना मनातल्या मनात मोराबाई म्हणत आले आहे.

त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये त्यांचे यजमान बिअर बनवत. ते गेल्यावर मोराबाई एकट्याच बनवतात. पण तिथले बहुतेक पब मोठ्या कंपन्यांना बांधलेले. ते दुसऱ्याची बिअर ठेवत नाहीत. मग अशा छोट्या माणसांनी विकायची कोणाला? लग्नं, बारशी, नाताळच्या पार्ट्या. यंदा मोराबाईंनी शुभाला फोनवर सांगितलं होतं की नाताळपर्यंत कोणी दरमहा घेणारं भेटलं नाही तर मी शेड बंद करते. आता एकटीला झेपत नाही, आणि कोणासाठी करायचं तेच कळत नाही.

विनायकरावांनी यावर तोड काढली. क्लबचा बार बघणारे मिस्टर रेनी मंडळाच्या दिवाळीला दरवर्षी येतात. कंपनीच्या बिअरवर ते नाराज आहेत. मोराबाईंची त्यांना आवडली तर दर महिन्याला क्लबात केग जाऊ लागतील. थोडक्यात, केग मंडळाचा, पण परीक्षा मोराबाईंची. चकल्या नुसत्या आडोशाला.

मोराबाई समुद्रापार माल पाठवत नव्हत्या, तेव्हा आणायला जाणं आलं. विनायकरावांना त्या शनिवार-रविवारी ड्यूटी होती. शुभा म्हणाली, "मी एकटी जाऊन येते."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "तिकडे बॉम्ब फुटतात."

"आई, मी तिथे दोन वर्षं राहिले आहे!"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. मी येणार."

विनायकराव म्हणाले, "येऊ दे आईंना. पुढच्या सीटवर नऊवारी असली की तपासणीला कोणी अडवणार नाही." मी नऊवारी नेसत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आणि अडवण्याबद्दलचं त्यांचं भाकीतही चुकलं, ते पुढे येईलच.

समुद्रापलीकडे

स्कॉटलंडच्या स्ट्रॅनरार बंदरातून आयर्लंडच्या लार्नला बोट जाते. गाड्या बोटीच्या पोटात ठेवायच्या आणि माणसांनी वर जाऊन बसायचं. बोटीवर शाकाहारी म्हणून फक्त चिप्स होते, आणि ते ज्या तेलात तळले त्याच तेलात मासे तळताना मला दिसले. मग दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, हे काय? मी दिलं. त्यांनी चटणी नुसतीच तोंडात टाकली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. समुद्र शांत होता. मी तरीही लाइफ जॅकेटं कुठे आहेत ते बघून ठेवलं.

तो मुलूख फार देखणा आहे रे. जमिनीवर हिरव्या वाट्या उपड्या मांडून ठेवल्यासारख्या टेकड्या, मध्ये दगडी बांध, आणि समुद्र इतका आत शिरलेला की तळं वाटावं. गाई बसून पावसात भिजत होत्या आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. पण दर थोड्या अंतरावर बंदूक घेतलेले सैनिक दिसत. एकदा तर फुलांच्या दुकानासमोर. शुभा त्यांच्याकडे पाहतही नव्हती. "सवय होते," म्हणाली. मला ती सवय झालेली नको होती.

मोराबाई दारातच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, ठेंगण्या, गळ्यात क्रूस, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. शुभाला त्यांनी असं कवटाळलं की मी जरा बाजूला सरकले. मग मला म्हणाल्या, "तुमची मुलगी काय खात नाही, याची यादी मला अजून पाठ आहे."

शेडमध्ये

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेड दाखवली. आत शिरताच मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. तुम्ही लहान असताना मी नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून तिचं सत्त्व करायची ना? तसंच इथे सातूचं करतात. मोड आलेले, भाजलेले सातू मोराबाईंनी माझ्या हातावर ठेवले. चावून पाहिले तर गोड! मग ते गरम पाण्यात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं, आणि शेवटी यीस्ट घालून आंबवायचं. वास आंबीलीचा. सगळं इतकं स्वच्छ की मी मनातल्या मनात शंभरपैकी शंभर मार्क दिले.

आमचं पिंप भरून तयार होतं. वरचं झाकण तेवढं उघडं होतं. मोराबाईंनी एका मगात दुधट पाणी ढवळलं आणि पिंपाकडे वळल्या.

मी विचारलं, "हे काय घालता?"

शाकाहारी माणसाला परदेशात ही सवयच लागते. बिस्किटात काय, चीजमध्ये काय, सूपमध्ये काय. विचारलं त्यात विशेष असं काहीच नव्हतं.

"फाइनिंग्ज," त्या म्हणाल्या. "यीस्ट खाली बसवायला. एका रात्रीत बिअर काचेसारखी होते."

म्हणजे आपली तुरटी, मी म्हटलं. "कशाची करतात?"

"माशाची. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, ती वाळवून."

शुभाने कपाळावर हात मारला. "आई! कशाला विचारलंस?"

"मला काय ठाऊक उत्तर असं येईल!"

"आता कळलंय म्हटल्यावर मी आगाशेकाकांना ते कसं देणार?"

आगाशेकाका मंडळातले सगळ्यात जुने डॉक्टर. बोलून चालून कडक शाकाहारी. 'मी कडक शाकाहारी, म्हणून फक्त बिअर घेतो,' हे वाक्य ते दर संमेलनात एकदा तरी म्हणतात. मंडळातले निम्मे लोक त्यांच्यासारखेच.

मोराबाई हातात तो मग धरून आमच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत होत्या. आम्ही मराठीत भांडत होतो. शेवटी शुभाने इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे बरेच लोक मांस खात नाहीत.

"पण मासा म्हणजे मांस नव्हे!" मोराबाई म्हणाल्या. "शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून तर आम्ही मासा खातो."

"म्हणजे मासा हा तुमचा उपासाचा पदार्थ?"

"अर्थात. तुमचा कुठला?"

"साबुदाणा," मी म्हणाले, आणि साबुदाणा म्हणजे काय हे सांगण्यात थोडा वेळ गेला.

मग मी विचारलं, हे न घालता बिअर निवळत नाही का? मोराबाई पिंपाच्या कडेवर टेकल्या. निवळते, त्या म्हणाल्या, पण तिच्या मर्जीने. थंडीत, अजिबात न हलवता, आठवडाभर. कधी जास्त. "बाहेर मी असं पिंप एकदाही पाठवलेलं नाही. गढूळ बिअर पाहिली की माणूस म्हणतो, नासली. तुमचे ते मिस्टर रेनी ग्लास आधी दिव्यासमोर धरतील, मग तोंडाला लावतील. मीही तेच केलं असतं."

संमेलनाला पुरता आठवडाही नव्हता.  घाला किंवा घालू नका, हे आम्ही कसं सांगणार? शेड त्यांची होती आणि बंद झाली तर ती त्यांचीच बंद होणार होती.

मोराबाईंनी हातातला मग मोरीत रिकामा केला. "तुमच्या सणाला तुमच्या लोकांना चालणार नाही ते मी कसं देऊ?" म्हणाल्या. मग एका लहान बरणीत त्या फाइनिंग्जची थोडी पूड घालून शुभाच्या हातात दिली. "शुक्रवारपर्यंत निवळली नाही तर संमेलनाच्या आदल्या रात्री घाला. ठरवायचं तुम्ही."

निघताना त्यांनी पिंपाला तोटी बसवली, घोंगडीत गुंडाळलं आणि गाडीच्या डिकीत ठेवताना मला तीनदा बजावलं, "हलवू देऊ नका." हे वाक्य मी फारच मनावर घेतलं.

हलवू देऊ नका

लार्नच्या अलीकडे सैनिकांनी गाडी थांबवली. शुभाने कागद दाखवले. एकाने डिकी उघडायला सांगितली. घोंगडी बाजूला केली आणि तो एकदम मागे सरला.

मुलांनो, मला हे नंतर कळलं. त्या भागात बिअरच्या पिंपांत स्फोटकं भरून ठेवण्याचे प्रकार झाले होते. आम्ही बंदराकडे चाललो होतो, डिकीत घोंगडीत गुंडाळलेलं पिंप. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने पिंपाला हात लावलेला पाहिला आणि मी गाडीतून उतरून, अठ्ठावीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात आणि शुद्ध इंग्रजीत म्हणाले, "कृपा करून ते अजिबात हलवू नका!"

त्यानंतर सगळं फार भराभर घडलं. आम्हाला दोघींना रस्त्याच्या कडेला, बरंच लांब उभं केलं. मागच्या गाड्या वळवल्या. पाऊस पडत होता. शुभा दात आवळून म्हणाली, "आई, तू आता एक शब्द बोलू नकोस. एक शब्द नाही."

"मी फक्त खरं तेच—"

"आई!"

कुत्रा आला. त्याने पिंप हुंगलं आणि शेपटी हलवली. तरी सैनिकांचं समाधान झालं नाही. दोघांनी पिंप उचलून रस्त्यावर आडवं केलं, इकडून तिकडे लोळवलं. मी एकेक लोळण मोजत होते. त्या वेळी मला बंदुकीची भीती वाटत होती की गाळाची, हे मी आज प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

शेवटी एक स्थानिक पोलीस आला, पोक्त, मिशीवाला. पिंपावरची हिरवी पट्टी पाहून तो हसायलाच लागला. "हे मोराचं आहे. माझ्या लग्नात हेच होतं." तोटी फिरवून त्याने ओंजळीत थोडी घेतली. नुसता फेस. सैनिकाला म्हणाला, "स्फोट होईल, पण उद्या सकाळी, डोक्यात." सैनिकही हसला. माझी माफी मागून त्यांनी पिंप परत डिकीत ठेवलं, उलटं. शुभाने सुलटं करायला लावलं.

आमची बोट गेली होती. पुढच्या बोटीला समुद्र खवळलेला. बोट तिरकी झाली की खाली गाड्यांच्या मजल्यावर आपलं पिंप काय करत असेल, एवढाच विचार. शुभाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, रंग पिवळा पडला होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तिला न दुखावता विचारायचा प्रयत्न करत होते की घोंगडी नीट खोचली होतीस ना?

गॅरेजातला आठवडा

घरी पोचल्यावर पिंप गॅरेजात ठेवलं. तिथे बर्फासारखी थंडी, म्हणजे उत्तम. पण तिथेच कपडे धुण्याचं मशीन होतं, आणि ते कपडे पिळायला लागलं की जमीन थरथरते. मी मशीन बंद केलं.

"आई, माझे शर्ट?" विनायकराव म्हणाले.

"मी हाताने धुते."

"अहो, इथे डिसेंबरात हाताने धुतलेला शर्ट मार्चमध्ये वाळतो."

"मग कालचाच घाला. कोटाखाली कोण बघतंय?"

गॅरेजचं दार आपटायचं नाही, गाडी बाहेर उभी करायची, आत जाताना चपला काढायच्या. शेवटचा नियम पिंपासाठी नव्हता, सवयीने झाला. विनायकराव शुभाला म्हणाले, "आत गरोदर बाई झोपली आहे असं वाटतं."

रोज सकाळी मी तोटीतून अर्धा ग्लास काढायची आणि खिडकीपाशी धरायची. सोमवारी बिअर तांदळाच्या धुवणासारखी होती. दुसऱ्या दिवशीही तशीच. बुधवारी मी ग्लासामागे वर्तमानपत्र धरलं. मथळ्याचं अक्षर आहे एवढं कळलं, कुठलं ते नाही. रात्री तो ग्लास विनायकराव संपवायचे. "चव फार छान आहे," म्हणायचे, "डोळे मिटून प्यायली की." गुरुवारी मथळा वाचता आला. खालचा मजकूर नाही.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा पाहिलं. मथळा होता, मजकूर नव्हता. गुरुवारपेक्षा तसूभरही फरक नाही.

संध्याकाळी शुभाने ती बरणी ओट्यावर आणून ठेवली. कोटही काढला नव्हता. "आई, एक चमचा. मोराचं सगळं यावर आहे. कोणाला कळणार आहे?"

"आपल्या तिघांना."

"मोराने मला मरणातून काढलंय. तू तिथे नव्हतीस."

हे मात्र मला लागलं. तिने ते लागावं म्हणून म्हटलं नव्हतं; थकली होती. मी विचार केला. एकीकडे ज्या बाईने माझ्या मुलीला सांभाळलं तिची शेड. दुसरीकडे चाळीस-पन्नास माणसं, जी आपल्या घरचं म्हणून विश्वासाने ग्लास पुढे करणार. आणि मोराबाईंनी हातातला मग मोरीत ओतला, तो माझ्या डोळ्यांदेखत.

मी म्हणाले, "विनायकराव, आगाशेकाकांना फोन लावा. त्यांना सांगा आणि विचारा. ते चालेल म्हणाले तर मी स्वतः घालते."

विनायकरावांनी फोन लावला. आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो. त्यांनी माशाचं सांगितलं.  पलीकडून आवाज आला, इतका मोठा की आम्हालाही ऐकू आला.

"विनायक, म्हणजे गेली बावीस वर्षं मी...?"

"काका, सगळ्याच बिअरमध्ये नसतं म्हणतात..."

"मी सत्यनारायणाच्या आदल्या दिवशीही घेतली आहे रे!" मग एकदम हळू, "फोन ठेव. मला बसू दे."

थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. "काही घालू नका. गढूळ चालेल." आणि लगेच, "हे आणखी कोणाकोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"आता होईल," म्हणाले, आणि त्यांनी उरलेली सगळी संध्याकाळ फोनवर घालवली असावी, कारण शनिवारी हॉलमध्ये पाऊल टाकेपर्यंत सगळ्या मंडळाला कळलेलं होतं.

शनिवार

मिस्टर रेनी उंच, शांत गृहस्थ. त्यांच्यासाठी पहिला ग्लास शुभाने स्वतः भरला. त्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. मी चकल्यांची परात घेऊन तिथेच उभी होते; पुढे जाता येईना. त्यांनी ग्लास जरा फिरवला, एक घोट घेतला, मग आणखी एक. मग ग्लास अगदी हळूच टेबलावर ठेवला. एखादा मनुष्य वस्तू इतकी हळू ठेवतो तेव्हा त्याचं उत्तर काय आहे हे कळतं.

"डॉक्टर, चव उत्कृष्ट आहे," ते म्हणाले. "अशी मी फार दिवसांत घेतली नाही. पण हिच्यात धूसरपणा आहे."

शुभाने माशाचं सांगितलं. त्यांना ते ठाऊकच होतं. "माझ्याकडे त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. गढूळ ग्लासाबद्दल मात्र रोज करतात. मी ही काउंटरवर ठेवू शकत नाही. मनापासून वाईट वाटतं."

शुभा हसून बरं म्हणाली आणि कंदिलाखाली जाऊन पाठमोरी उभी राहिली. मी हॉलच्या स्वयंपाकघरात आले. तिथे कोणी नव्हतं. मी आधीच धुतलेल्या बशा परत धुवायला घेतल्या. मोराबाईंना फोन कोणी करायचा, आणि पहिलं वाक्य काय असायचं? चार बशा धुऊन झाल्या तरी मला ते वाक्य सापडलं नाही.

आगाशेकाका आत आले. एका हातात भरलेला ग्लास, दुसऱ्यात रिकामी बशी. "वहिनी, चकल्या संपवल्यात की लपवल्यात?"

मी परात पुढे केली.

"ही मोरा म्हणून जी बाई आहे, तिचा नंबर द्या मला."

"कशाला?" मला वाटलं भांडायला.

"अहो, आमच्या नेहाचं एप्रिलमध्ये लग्न. मुलगा लेस्टरचा, गुजराती. काल रात्री व्याह्यांना फोन करून हे माशाचं सांगितलं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. पिढ्यान् पिढ्या कांदासुद्धा न खाणारी माणसं, आणि बिअर पितात पाण्यासारखी! मोठ्या कंपनीचे केग ठरवले होते, ते आज सकाळी रद्द केले. लग्नात ही हवी. बिनमाशाची."

"पण ही गढूळ आहे."

त्यांनी ग्लास वर धरून पाहिला. "असू दे. पोटात जाऊन कोण बघतंय? आणि एप्रिलला वेळ आहे, तिला म्हणावं महिनाभर बसू दे." चकली मोडून तोंडात टाकली. "तिकडे त्यांचा समाज केवढा आहे माहीत आहे? लग्नात आवडली तर दर महिन्याला कोणाचं ना कोणाचं काहीतरी असतंच."

बाहेर पिंपापुढे रांग लागली होती. पिंप रिकामं झालं तेव्हा मिस्टर रेनी तिथेच उभे होते. त्यांनी आपला ग्लासही संपवला होता, पण मत बदललं नाही. मला त्याबद्दल त्यांचा रागही आला आणि आदरही वाटला.

रविवारी मोराबाईंना फोन मी केला. आधी वाईट बातमी सांगितली. त्या म्हणाल्या, "बरोबर बोलले ते. मीही परत केला असता." आवाज नेहमीसारखाच होता, जरा जास्तच. मग मी लग्नाचं सांगितलं.

"एप्रिल," त्या म्हणाल्या. "नक्की?"

"हॉल ठरला आहे."

"हॉलचं नाही विचारत. मुलगा-मुलगीचं नक्की आहे ना?"

"दोन वर्षांची ओळख आहे म्हणे."

"सात वर्षांची ओळख असून आदल्या दिवशी मोडलेलं मी पाहिलं आहे. त्या वेळी बिअर माझीच होती." मग त्या हसल्या. "ठीक आहे. एप्रिलपर्यंत शेड उघडी ठेवते. लग्न झालं, त्या लोकांना आवडली, तर पुढे. नाही तर नाही."

सांगली, फेब्रुवारी

जानेवारीत मी परत आले. इथे ऊन आहे, कपडे दुपारपर्यंत वाळतात, आणि गॅरेज नाही. वाटलं होतं काळजी तिकडेच राहील.

पण आता शुभाला पत्र लिहिताना माझा पहिला प्रश्न नेहाबद्दल असतो. शुभाने लिहिलं, "आई, नेहाला तू एकदा पाहिलंस आणि माझ्यापेक्षा तिचीच चौकशी जास्त." पुढे तिनेच कळवलं की लग्नानंतर कुठे राहायचं, लेस्टर की ग्लासगो, यावरून दोघांचं मोठं भांडण झालं. नेहा चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्या पत्रानंतर मला दोन रात्री झोप नाही. काल आलेल्या पत्रात आहे की मिटलं. तो ग्लासगोत नोकरी शोधायला तयार आहे. मिळाली तर.

त्या मुलाला मी पाहिलेलं नाही. त्याचं नावही नीट लक्षात राहत नाही. हितेश आहे की जितेश. पण हल्ली संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की तुमच्या दोघांच्या परीक्षेचं सांगून झाल्यावर मी त्याच्याबद्दलही एक शब्द घालते. म्हणते, त्याला लवकर नोकरी लागू दे, आणि ग्लासगोतच लागू दे. मोराबाईंनी पिंपं भरायला घेतली आहेत.